पिल्लू मडक्यात, बोकड उठेना

एक होती शिंपीण. कपडे शिवणारी नव्हे हं! पानं शिवून घरटं करणारी चिमुकली पक्षीण. एवढीश्शी! राहायची चर्चच्या अंगणात, लिंबोणीच्या झाडावर.

एके सकाळी तिचं पिल्लू उडायला निघालं. फडफड, फडफड... धप्प! खाली होतं रिकामं मडकं. पिल्लू पडलं मडक्यात. वर येता येईना.

"चीं चीं! आई गं!"

शिंपीण घाबरली. तिने डोळे मिटले. "देवबापा, कुणाला तरी पाठव ना!"

डोळे उघडले, तर मडक्याशेजारीच बोकड बसलेला. चांगला धट्टाकट्टा. दाढी हलवत रवंथ करत होता.

शिंपीण गेली टुणुक टुणुक.

"बोकडदादा, बोकडदादा, पिल्लू मडक्यात! एक ढुशी दे ना!"

बोकड म्हणाला, "देवासाठी जीव देईन! पण देवाने बोलावल्याशिवाय उठणार नाही. देव बोलावतो तेव्हा घंटा वाजते. वाजली का घंटा? नाही ना? मग!"

आणि लागला रवंथ करायला. वा रे भक्त!

भिंतीवर मनी मांजर झोपली होती. तिने एक डोळा उघडला.

शिंपीण गेली टुणुक टुणुक. घंटेखाली सीलासकाका बसले होते.

"सीलासकाका, सीलासकाका, पिल्लू मडक्यात, बोकड उठेना! घंटा वाजवा ना!"

काका म्हणाले, "देवासाठी जीव देईन! पण पाळकसाहेबांनी सांगितल्याशिवाय दोर ओढणार नाही."

दोर हातातच होता बरं का!

मनीने दुसरा डोळा उघडला.

शिंपीण गेली टुणुक टुणुक. पाळकसाहेब खुर्चीत बसून रविवारचं प्रवचन लिहीत होते. विषय काय? 'देव हाक मारतो, तेव्हा लगेच उठा!'

"पाळकसाहेब, पाळकसाहेब, पिल्लू मडक्यात, बोकड उठेना, घंटा वाजेना! काकांना सांगा ना!"

पाळकसाहेब म्हणाले, "देवासाठी जीव देईन! पण चहा घेतल्याशिवाय उठणार नाही."

आणि पुढे लिहिलं, 'लगेच म्हणजे लगेच.'

मनीने अंग ताणलं. आळोखेपिळोखे दिले.

शिंपीण गेली टुणुक टुणुक. पाळकीणबाई चुलीपाशी होत्या.

"बाई, बाई, पिल्लू मडक्यात, बोकड उठेना, घंटा वाजेना, साहेब हलेना! चहा करा ना!"

बाई म्हणाल्या, "देवासाठी जीव देईन! पण दुधाशिवाय चहा करणार नाही. काळा चहा साहेबांना चालत नाही गं बाई!"

मनीने भिंतीवरून उडी मारली. टप्!

शिंपीण गेली टुणुक टुणुक. गोठ्यात गाय होती.

"गाईमावशी, गाईमावशी, पिल्लू मडक्यात, बोकड उठेना, घंटा वाजेना, साहेब हलेना, चहा होईना! दूध दे ना!"

गाय म्हणाली, "देवासाठी जीव देईन! पण ओलं गवत खाल्ल्याशिवाय दूध देणार नाही. हम्मा!"

सगळेच जीव द्यायला तयार! ढुशी मात्र कुणी देईना.

बिचारी शिंपीण! तिला रडूच कोसळलं. ऊन डोक्यावर आलं. मडकं तापलं. पिल्लाचा आवाज बारीक झाला. "चीं... चीं..."

मनी मांजर मात्र घंटेसाठी थांबली नाही. ती मडक्याकडे निघालीसुद्धा. हळू... हळू...

शिंपीण गेली टुणुक टुणुक. विहिरीकाठी गवत होतं.

"गवतबाळा, गवतबाळा, पिल्लू मडक्यात, बोकड उठेना, घंटा वाजेना, साहेब हलेना, चहा होईना, दूध मिळेना! तू तरी ये ना!"

गवत म्हणालं, "अगं, ते चीं चीं मी सकाळपासून ऐकतोय. ती देवाचीच हाक! पण मला पाय नाहीत ना! घे, उपट मला. लवकर!"

"घंटा नाही वाजली अजून," शिंपीण म्हणाली.

"घंटा कशाला हवी? पिल्लू रडतंय की!"

शिंपिणीने गवत उपटलं. एक पातं, आणखी एक पातं, चोच भरून पाती! नेऊन गाईला दिली.

गाईने गवत खाल्लं, कचर कचर.
बाईंनी दूध काढलं, चुर्र चुर्र.
चुलीवर चहा झाला, खळ खळ.
साहेबांनी चहा प्यायला, फुर्र फुर्र. बशीत ओतून, सावकाश!
मग म्हणाले, "सीलास, वाजव!"
काकांनी दोर ओढला. ढाण! ढाण! ढाण!

बोकड ताडकन उठला. "आली! आली! देवाची हाक आली!"

मनीचा पंजा मडक्यात गेलाच होता. बोकडाने दिली ढुशी. धाड! मडकं लवंडलं, गडगड गडगड! मनी पळाली, म्याँव म्याँव! पिल्लू बाहेर आलं आणि आईच्या कुशीत शिरलं. शिंपिणीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की ती पिल्लाभोवती नाचू लागली.

सगळे धावत आले. बोकडाने छाती फुगवली. "बघितलंत? देवाने मला पाठवलं!"

"मलाही!" काका म्हणाले.

"मला तर आधी!" पाळकसाहेब म्हणाले. मिशीला अजून चहा लागला होता.

शिंपीण बोकडाच्या शिंगावर जाऊन बसली. म्हणाली, "हो रे दादा, देवानेच पाठवलं. पण पाठवलं सकाळी. आणि तू पोचलास दुपारी!"

बोकडाने मान खाली घातली. पाळकसाहेबांनी हळूच मिशी पुसली.

शिंपीण आणि पिल्लू उडाली, भुर्र भुर्र. दोघं घरी गेली, गोष्टही घरी गेली.