केवड्याचे स्नान

जो मुंगीच्या पावलात चालतो आणि हत्तीच्या चालीत डुलतो, ज्याला कोणाचा विटाळ नाही आणि कोणाचा कंटाळा नाही, त्या विश्वंभराला आधी वंदन करू. मग, श्रोतेहो, कथेकडे वळू.

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध सत्पुरुष राहत असत. गावाबाहेर त्यांचा लहानसा मठ होता आणि मठात एकच शिष्य होता. शिष्य बुद्धीने तल्लख, पाठांतराचा पक्का. परंतु त्याच्या प्रत्येक कर्माला घाई जडलेली. तो स्तोत्र म्हणू लागला की पहिल्या श्लोकाचा नाद गाभाऱ्यात विरण्यापूर्वी शेवटचा श्लोक उरकलेला असे. गावातील म्हातारे म्हणत, "बुवांची पूजा म्हणजे देवाला डोळे उघडायचीही सवड नाही!" शिष्याला ही आपली स्तुती वाटे.

त्याच गावात अत्तराचा एक व्यापारी होता. त्याच्या घरी केवडा नावाचा, लोकरीच्या गुंड्याएवढा कुत्रा होता. व्यापाऱ्याच्या एकुलत्या एक लेकीने त्याला पिल्लू असल्यापासून वाढवले होते. ती सासरी गेली आणि केवडा बापाजवळ राहिला. पुढे त्याच्या कातडीला विकार जडला. केस तेलकट होऊन एकमेकांना चिकटले, पोटाशी लाली आली, पिवळसर कोंडा झडू लागला. बिचारा खाजवून खाजवून कानामागे रक्त काढी. वास तर असा, की अत्तराच्या दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक नाकाला पदर लावी. समोरचा पानवाला हाक देई, "शेठ, आज कोणतं नवीन अत्तर फोडलंत?" व्यापारी खजील होई, केवड्यावर गुलाबाचे अत्तर शिंपडी आणि खाज शमावी म्हणून अंगाला खोबरेल चोळी. तेलात तेल मिळाले. खाज दुप्पट झाली.

अशात लेकीचे पत्र आले. पहिल्या बाळंतपणासाठी ती दोन महिन्यांनी माहेरी येणार होती. व्यापाऱ्याच्या घरात त्याच्या थोरल्या विधवा बहिणीचा शब्द चाले. तिने निक्षून सांगितले, "बाळंतिणीच्या घरात ही खरूज नको. पौर्णिमेला माझा दीर येतोय. त्याच्याबरोबर शेतावर धाडून दे याला."

व्यापारी केवड्याला टोपलीत घालून मठात आला. "महाराज, अंगारा द्या. माझी पोर उंबऱ्यात पाऊल ठेवायच्या आधी याला हाक मारील. तिला काय सांगू?"

शिष्य चार पावले मागे सरकला. महाराजांनी मात्र केवड्याला हातात घेऊन त्याचे केस विंचरल्यासारखे बाजूला करून पाहिले. म्हणाले, "अंगारा देतो, शेठ, पण तो तुमच्या कपाळी. याला गुरांच्या दवाखान्यात न्या. देवाने ज्याला जे ज्ञान दिले, ते त्याच्याकडे मागायला लाजू नये." मग शिष्याकडे वळून म्हणाले, "तू सोबत जा. आणि याला अंघोळ घालण्याची सेवा आजपासून तुझी."

दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी कातडी खरवडून, काचेवर घेऊन तपासली. "हे माणसाला लागणारं नाही, बाळाची काळजी नको. तेल आणि अत्तर आजपासून बंद. या औषधी शांपूने आठवड्यातून दोनदा अंघोळ घाला. फेस झाल्यावर..."

"समजलं, बाई. अंघोळ घालायची," असे म्हणत शिष्याने बाटली उचललीसुद्धा.

आता शिष्याचा हातखंडा तो! एक लोटा पाणी, मूठभर फेस, लगेच दुसरा लोटा. केवडा बावरायच्या आत स्नान आटोपलेले असे. अशी चार स्नाने झाली. पौर्णिमा उजाडली. खाज तशीच, वास तसाच. दीर येऊन बसला होता. व्यापारी केवड्याला घेऊन शेवटच्या दर्शनासाठी मठात आला.

शिष्य म्हणाला, "महाराज, औषधात दम नाही. मी एकही वार चुकवला नाही. जाऊ द्या याला."

महाराज क्षणभर बाटली फिरवून पाहत राहिले आणि उठले. "आजचे स्नान मी घालतो."

त्यांनी केवड्याला भिजवले, औषध चोळले, पांढराशुभ्र फेस केला. आणि मग एक विलक्षण गोष्ट केली. फेसाने माखलेला तो जीव तसाच मांडीवर घेऊन ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले, गळ्यातील माळ काढली आणि जप करू लागले.

शिष्य लोटा उचलून उभाच. "महाराज, पाणी!"

"थांब."

"पूजेची वेळ टळते आहे."

"पूजाच चालली आहे, बाळा."

शिष्याला वाटले, वार्धक्याने बुद्धी ढळली की काय! कुत्रा मांडीवर, फेस धोतरावर आणि हाती जपमाळ! केवडा आधी चुळबुळला, मग दीर्घ नि:श्वास सोडून त्याने महाराजांच्या कोपरावर हनुवटी टेकली. एक माळ पूर्ण झाल्यावर महाराजांनी कानामागून, बोटांच्या बेचक्यांतून, पाणी नितळ येईपर्यंत फेस धुतला आणि स्वतःच्या पंच्याने त्याला कोरडे केले.

मग ते बोलले. "या बाटलीवर लिहिले आहे की फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा. माझी एक माळ तेवढ्यात होते. तू थोर ग्रंथ वाचलेस, ही चार ओळींची चिठ्ठी तेवढी राहिली. शेठ वास झाकत होते, तू तो धूत होतास. तुझे पाऊल योग्य वाटेवर होते, पण औषध कामाला लागण्याआधी तू ते वाहून टाकत होतास. नामाचेही असेच असते. जिभेवर आले की पुढच्या नामाने तू मागचे धुऊन टाकतोस. ते आत उतरायचे केव्हा? आणि हा विकार एकदा जाऊन कायमचा सुटत नाही, जपत राहावे लागते. मनाचा मळ तरी कुठे एका स्नानाने जातो?"

शिष्याने बाटली उचलली आणि तिच्यावरची चिठ्ठी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. व्यापाऱ्याने बहिणीला मुदत मागितली. ती म्हणाली, "महाराजांचा शब्द म्हणून थांबते. पण माझ्या नाकाला पटलं पाहिजे हं!"

तिसऱ्या आठवड्यात खाजवणे कमी झाले, पाचव्यात कोंडा सरला, पोटाची लाली निवली. केस एकेक करून सुटे झाले आणि उन्हात चमकू लागले.

लेक आली तो दिवस नेमका स्नानाचा होता. परसात शिष्य फेसाळलेल्या केवड्याला मांडीवर घेऊन बसला होता. दारातून हाक आली, "केवड्या!" केवडा धडपडला. व्यापारी धावत आला. "बुवा, घाला पाणी, पोर आली!"

"थोडं थांबा, शेठ," शिष्य शांतपणे म्हणाला. "अजून निम्मी माळ आहे."

लेक अवघडल्या अंगाने तिथेच पाटावर टेकली आणि पाहत राहिली. शिष्य एकेक नाम उच्चारी, थांबे, मग मणी सरकवी. वर्षानुवर्षे म्हटलेले ते नाम त्या परसात त्याला प्रथमच ऐकू आले.

फेस धुऊन होताच केवडा लेकीच्या कुशीत शिरला. आत्या भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. लेकीवरून ओवाळला, मग वाकून केवड्याच्या मस्तकाशी नाक नेले, क्षणभर थांबली आणि तोच हात त्याच्यावरूनही फिरवला. "ह्यालाही दृष्ट लागायची मेली," ती पुटपुटली.

श्रोतेहो, जे चांगले आपल्याला लाभते, ते आत उतरेपर्यंत त्याच्यापाशी बसावे.

तुमच्या घरी जन्मणाऱ्यांना आरोग्य लाभो, म्हाताऱ्यांना मायेचा हात लाभो, आणि तुमच्या उंबऱ्याशी विसावणाऱ्या प्रत्येक मुक्या जिवाला सुखाची झोप लाभो.