झमकूचे चार तास

"गुरुजी, टीव्हीनं पोरं शिकतात की बिघडतात? एकच काय ते सांगा."

बळीराम गुरुजी चपला शोधत होते.

विचारणारा निरंजन त्यांच्याच हाताखाली शिकून बंजारा तांड्यावरच्या शाळेत मास्तर झालेला. वर शहरातली पदवी, त्यामुळे डोक्यात जरा हवा. कोणतं पोर किती वेळ टीव्ही बघतं, याचा त्यानं घरोघर फिरून तक्ता केला होता. घरी सगळे गोरमाटी बोलणारे, शाळा मराठीत. तक्त्यात दुसरीतली झमकू सगळ्यांत वर, रोज चार तास. आणि तोंडी परीक्षेत अवाक्षर नाही.

"तिला पुन्हा दुसरीतच बसवतोय. सोमवारी यादी जाईल. मुख्याध्यापक म्हणून तुमची सही हवी."

"...चल."

झमकूच्या घरी मराठी मालिका रंगात आली होती. सासू सुनेला फैलावर घेत होती. झमकूच्या आजीला मराठीचा गंध नव्हता. ती सारखी नातीला ढोसत होती, आणि नात भराभर गोरमाटीत सांगत होती.

"बघा, आपण आलो तरी मान वर नाही," निरंजन पुटपुटला.

गुरुजींनी पुढे होऊन टीव्ही बंद केला.

निरंजनला फार बरं वाटलं.

आजी मात्र खवळली. पुढं काय झालं, ते तिला हवंच होतं. झमकू उठली. डोक्यावरून टॉवेल घेऊन ती सासू झाली, टॉवेल काढून सून झाली. खणखणीत मराठीत दोघींचं भांडण लावलं आणि दर वाक्याला वळून आजीला गोरमाटीत समजावलं. मालिकेत न घडलेलंही तिनं रचलं. सुनेनं घर सोडलं, शिवणकामाचं दुकान थाटलं. आजी डोळे पुसत हसत होती.

निरंजन पाहतच राहिला. एवढी मराठी या पोरीकडे!

"शाब्बास, झमकू! आता सांग बरं, आठवड्याचे वार किती?"

झमकूनं टॉवेल खाली ठेवला. मान खाली घातली.

"अगं, सोपं आहे..."



निरंजननं गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींनी आजीला हात देऊन उठवलं आणि तिच्या जागेवर निरंजनला बसवलं.

"तुला ठाऊक नाही, असं काहीतरी विचार."