दोन पट्ट्या आणि एक कानस

"बाबा, बायको गेली तरी ज्याच्या डोळ्यातून टिपूस निघत नाही, त्याला बाप म्हणायचं का?"

मठाच्या पडवीत येसूबाबा वांगी चिरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बस."

विद्याधर बसला नाही. कारखान्यात पोलाद तपासणारा माणूस तो. बसायच्या आधी निकाल द्यायची खोड.

"स्मशानात अप्पांनी काय विचारलं, ठाऊक आहे? लाकडं वाळलेली आहेत ना म्हणे! तेरावा झाला आणि आईच्या स्वयंपाकघराला कुलूप घातलं. आता खानावळीचा डबा आणून ओसरीत जेवतात. खुशाल! उद्या वर्षश्राद्ध... पत्रात काय, तर 'जमल्यास ये.' जमल्यास!"

"मग?"

"नाही जाणार. संपलं आमचं."

संपलं म्हणताना तो जोरानं खाकरला. वर्ष झालं, भाड्याच्या खोलीत एकटा राहत होता. आईचं नाव काढावं असं एक माणूस त्याच्यापाशी नव्हतं. रविवार तर खायला उठायचा. म्हणून तर गावाबाहेरच्या या ओसाड मठात यायचा.

बाबा उठून आत गेले. मठात येण्याआधी मिरजेत टांग्यांच्या कमानी, म्हणजे पोलादी स्प्रिंगा, करायचे ते. बाहेर आले तेव्हा हातात पोलादाच्या दोन पट्ट्या होत्या आणि एक जुनी कानस.

"एकाच सळईच्या आहेत. एकीला लाल तापवून पाण्यात बुडवलंय, पाणी पाजलंय; दुसरी तशीच. ओळख."

विद्याधरला हसू आलं. त्यानं एका पट्टीवर कानस ओढली, तर लख्ख ओरखडे उठले. दुसरीवरून ती नुसती घसरली.

"ही कडक."

"बरं. आता दोघींना पाण्याचा तांब्या टांगला, तर जास्त वाकेल कोण?"

"जास्त कोणीच नाही. सारख्याच."

"असं कसं? एक तर कडक आहे."

"अहो बाबा, कडकपणा वेगळा आणि ताठपणा वेगळा! ओरखडा उठतो का, हे एक माप. ओझ्यानं किती वाकते, हे दुसरं. पाणी पाजून पहिलं बदलतं, दुसरं नाही. कॉलेजातलं पोरगंही सांगेल."

"मी कुठं गेलोय कॉलेजात? दाखव."

विद्याधरनं कानस कमरेला खोचली. पहिली पट्टी कोपऱ्याजवळ भिंतीच्या फटीत ठोकून बसवली, टोकाला भरलेला तांब्या टांगला. पट्टी खाली झुकली. तिथं बाजूच्या भिंतीवर त्यानं कोळशानं रेघ ओढली. मग ती काढून त्याच फटीत कडक पट्टी, तोच तांब्या.

दुसरी रेघ पहिल्या रेघेवरच बसली.

"बघा!" तो ऐटीत म्हणाला.

"बघतोय. हिच्यावर ओरखडा नाही... तरी वाकली तेवढीच."

"वाकणारच! ओरखडा नाही म्हणजे ओझं नाही, असं थोडंच..."

वाक्य तिथंच राहिलं.

तांब्या हलत होता. बाबा पुन्हा वांगी चिरायला बसले होते.

विद्याधरला ते कुलूप दिसलं. पितळी, जुनं. कुलपापलीकडे आईचा ओटा. आणि ओसरीत, दाराकडे पाठ करून डबा उघडणारे अप्पा... अरेरे, वर्षभर! दुःख एकच, आणि बापलेक दोन गावी एकेकटे गिळत बसलेले.

"बाबा... ते रडले नाहीत हो." आवाज अगदी लहान झाला होता. आता मात्र तो खाकरला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला, पोटभर.

बाबांनी रडू दिलं. वांगी संपली. त्यांनी पाण्यात हात धुतले.

"पाचला एसटी आहे," एवढंच म्हणाले.

विद्याधरनं डोळे पुसले, बाबांच्या पायांवर डोकं टेकवलं, पिशवी उचलली. पत्र खिशात आहे ना, ते चाचपलं. चार पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच मागून हाक आली.

"विद्याधर!"

तो वळला. बाबा त्याच्या कमरेकडे बोट दाखवत होते.

"कानस इथंच ठेवून जा."