भेणे

"भेणे म्हणजे भीतीने. एवढंच ना, बाबा?"

सुदाम खरबडे मठाच्या ओसरीवर बसला होता. उभा जन्म वार्ताहर म्हणून भांडण्यात गेलेला. निवृत्तीनंतर आता तो जुन्या मराठी शब्दांचं पुस्तक करत होता. कॉलेजात असताना याच ओसरीवर महंत कवठेकरबाबांनी त्याला पोथी वाचायला शिकवलं होतं. पुस्तकावर आशीर्वाद म्हणून बाबांचं नाव हवं, एवढ्यासाठी तो आला होता.

बाबा चुलीपुढं बसले होते. चहाचं आधण ठेवलं होतं.

"एवढंच," बाबा म्हणाले. "आणि?"

"आणि हा शब्द मेला ते बरंच झालं, असं मी लिहिणार आहे."

बाबांनी आधणात साखर टाकली.

"राजाच्या भेणे प्रजा गप्प. पाटलाच्या भेणे गाव गप्प. पोथ्यांत पानोपानी हेच! माना खाली घालणाऱ्यांचा शब्द आहे हा. आयुष्यभर मी याच्याशीच भांडलो."

"आवाज अजून तसाच आहे तुझा," बाबा हसले. "तेव्हाही आढ्यावरच्या चिमण्या उडायच्या."

सुदामला ते दिवस आठवले. ओसरी पोरांनी गच्च भरायची. सगळे एका सुरात वाचायचे. 'भेणे' आला की बाबा तो हलकेच उच्चारायचे, निजलेल्या कुणाच्या उशाशी बोलावं तसा, आणि ओसरी आपोआप शांत व्हायची.

आज ओसरीवर दोघंच होते. तसा उच्चार करणारंही दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"लेकराची झोप मोडेल या भेणे आई पैंजण काढून ठेवते," बाबा म्हणाले. "तेही पोथीत येतं. तिचीही मान खालीच का रे?"

"ते वेगळं."

"शब्द तोच."

"बाबा, मला कोड्यात बोलू नका. नाव घालू की नको?"

"घाल की. आधी तो शब्द नीट म्हण."

"भेणे!"

"हा नव्हे."

"पन्नास वर्षं मराठी लिहितोय मी!"

"लिहितोस खरा..."

बाबांनी एक लाकूड उचललं. जमिनीवर हळूच आपटलं. थांबले. पुन्हा आपटलं. आत किडामुंगी असेल तर तिला निघून जाता यावं, ही मठाची रीत. मगच लाकूड चुलीत.

सुदामचा धीर सुटला. "अहो, अशानं चहा कधी व्हायचा? द्या इकडं!" त्यानं दुसरं लाकूड उचललं आणि थेट जाळाकडं सारलं.

बाबांचा हात आडवा आला. लाकूड आणि जाळ, यांच्या मधोमध.

"बाबा! हात!"

सुदामनं लाकूड झटक्यानं मागं ओढलं. बाबांच्या मनगटावरचे पांढरे केस करपले होते.

"कुणाला भ्यालास?" बाबांनी विचारलं.

सुदामनं हातातल्या लाकडाकडं पाहिलं.

त्यानं लाकूड दोन्ही हातांत धरलं. जमिनीवर अलगद आपटलं. वाट पाहिली. मग वाकून, श्वास रोखून, सालीच्या फटीत पाहिलं.

"काहीच नव्हतं हो, बाबा," तो कुजबुजला.

"हं... आता म्हण."