तिसरा दगड समोरच्याच्या हातात

बाळांनो, आणि बाळांच्या आईबाबांनो, एक विचारू का? आपलं बरोबर होतं, पण ते नीट सांगता आलं नाही, म्हणून मनातल्या मनात घुसमटत बसलात, असं तुमचं कधी झालंय?

झालं असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

फार फार जुन्या काळी एका रुंद नदीच्या वळणावर एक गाव होते. घरे एका काठावर आणि शेते दुसऱ्या काठावर. पूल नव्हता. एक नाव होती, आणि ती चालवणारा एक म्हातारा नावाडी होता. त्याच्या घरात त्याच्याशिवाय एकच माणूस होते, त्याची नात. तिला आईबाप आठवतही नव्हते. पहाटे आजोबा उठले की ती चार भाकऱ्या थापी आणि दोघे मिळून घाटावर जात. तिचे सारे जग म्हणजे ते आजोबा.

या गावात निवाड्याची एक रीत होती. वाद निघाला की दोन्ही बाजूंनी घाटावरच्या उंबराखाली आपापली चूल मांडायची. चूल म्हणजे तीन दगड आणि त्यावर पाण्याने भरलेले मडके. मडके म्हणजे आपली मागणी. पहिला दगड मांडताना मागणीचे कारण सांगायचे. दुसरा मांडताना त्या कारणाचा पुरावा द्यायचा. तिसरा दगड मात्र आपल्याकडे नसे. तो समोरच्याच्या हातात असे. समोरच्याचे म्हणणे आपण आपल्या तोंडाने सांगायचे, आणि तेही असे, की त्याने मान हलवून म्हणावे, "हो, हेच मला म्हणायचं होतं." तसे तो म्हणाला, तरच दगड देई.

चूल पुरी झाली की गाव ती मागणी मान्य करी, मग तिच्यावर पेज शिजे आणि भांडणारे दोघे ती एकत्र बसून खात. पुरी झाली नाही, तर दोघेही उपाशी घरी जात.

हे सगळे पाहायला गावातली सगळ्यांत वडील बाई बसे. तिला सारे थोरली आई म्हणत.

एका दुपारी आजोबांची नाव नदीतल्या खडकाला घासली. कुणाला लागले नाही, पण एक लहान मुलगी पाण्यात पडता पडता वाचली. तिचा बाप गावातला मोठा बोलका माणूस होता. बारसे असो की लग्न, त्याच्या भाषणावाचून कुणाला जेवण गोड लागत नसे. तो तडक थोरल्या आईकडे गेला आणि म्हणाला, "नाव म्हाताऱ्याकडून काढा. माझ्या धाकट्या भावाला द्या."

दुसऱ्या बाजूने उभे राहायला नातीशिवाय कोण होते? आजोबा तर एक शब्द बोलेनात. ते नुसते नावेच्या लाकडावरून हात फिरवत बसले होते. नातीने ते पाहिले. नाव गेली तर आजोबा किती दिवस जगतील, हा विचार तिने अर्ध्यातच सोडून दिला.

सारे उंबराखाली जमले. थोरली आई मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती.

बोलका माणूस पुढे आला. त्याने घसा खाकरला.

"गावकरीहो! ज्याच्या डोळ्यांत अंधार, त्याच्या हातात आपली लेकरं द्यायची? आज नाव घासली, उद्या फुटेल, परवा या घाटावर रडण्याशिवाय दुसरा आवाज उरणार नाही! साऱ्या गावाला हे कळतं. आणि ज्याला पोरांची माया आहे, तो माझ्याच बाजूला उभा राहील!"

"वाहवा!" पुष्कळ जण म्हणाले.

थोरली आई हसली. "छान बोललास रे बाबा. कानाला गोड लागलं. आता या शेंगेसारखं तुझं बोलणं सोलून बघू, आत दाणे किती ते. साऱ्या गावाला कळतं म्हणालास. सारं गाव म्हणजे कोण कोण?"

"म्हणजे... सगळेच की."

"मला तर विचारलं नाहीस."

"मलाही नाही हो!" मागून एक बाई ओरडली. लोक हसले.

"मग ते टरफल. आता, आज घासली आणि परवा सारे बुडाले. एवढी लांब उडी मारलीस, मधली पायरी कुठाय? आणि ज्याला माया आहे तो तुझ्याच बाजूला म्हणालास. म्हणजे जो पलीकडे उभा राहील, त्याला पोटची पोरं नकोशी झाली? हे कारण नव्हे रे. ही साखरेत घोळलेली धमकी आहे."

बोलक्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या.

"चिडू नकोस. सोलून उरलं काय, तेवढं सांग."

तो हळू आवाजात म्हणाला, "म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. हे उरलं."

"हे कारण. आणि पुरावा?"

"तो खडक काही काल उगवला नाही. आमच्या जन्माआधीपासून तिथेच आहे. ज्याला दिसतं, त्याची नाव खडकाला लागणार नाही."

"हा पुरावा. मांड दगड."

त्याने दोन दगड मांडले. आता राहिला तिसरा. तो नातीच्या हातात होता. तिचे म्हणणे काय, ते त्याने सांगायचे होते.

तो हसला. "हिचं काय म्हणणं असणार? पोरीला नाव म्हणजे खेळणं वाटतं, दुसरं काय!"

नातीने दगड छातीशी धरला. "नाही. हे माझं म्हणणं नाही."

त्याने रागाने तसेच दोन दगडांवर मडके ठेवले. ते कलंडले आणि सारे पाणी त्याच्या धोतरावर सांडले.

"आंघोळ राहिली होती वाटतं!" कुणीतरी म्हणाले, आणि पोरे खिदळली.

मग नात पुढे आली. तिला तर बोलण्याआधीच रडू फुटले. "तुम्हा सगळ्यांना माझ्या आजोबांनी पार नेलंय. तुमच्या सुना याच नावेतून आल्या, तुमच्या लेकी याच नावेतून सासरी गेल्या. आता ते थकले, तर त्यांना टाकून देता? देव बघतोय!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. थोरल्या आईनेही लावला. मग ती म्हणाली, "बाळ, माझेही डोळे भरले बघ. पण डोळे भरले म्हणजे मनाला पटलं, असं नाही. उपकार खरे आहेत. पण त्यावरून उद्या नाव खडकाला लागणार नाही, हे कसं ठरलं?"

"नाही ठरत," नात म्हणाली.

"आणि देवाला मध्ये आणू नकोस. त्याला आपल्या बाजूला बसवलं, की समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. तू सोलून काय उरलं ते सांग. नाव आजोबांकडे का राहावी?"

नातीने नाक पुसले. "त्यांना नदी कळते."

"हे कारण. पुरावा?"

"हिवाळ्यात धुकं पडलं होतं. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. पलीकडे अडकलेल्यांना कुणी आणलं? पाण्याच्या आवाजावरून आजोबांना कळतं, वाळू कुठे वर आली, खडक कुठे आहे."

"खरं आहे," एक शेतकरी म्हणाला. "मी होतो त्या नावेत."

"मग त्या दुपारी का नाही कळलं?" बोलक्या माणसाने विचारले.

"काका, ते वल्हं मारत होते. वल्ह्याच्या आवाजात पाण्याचा आवाज बुडतो. त्या धुक्यात वल्हं त्या शेतकरीदादांनी मारलं होतं. आजोबा पुढच्या टोकाला बसून नुसते ऐकत होते."

थोरल्या आईने मान हलवली. नातीचेही दोन दगड मांडून झाले.

तिसऱ्या दगडासाठी ती बोलक्या माणसाकडे वळली. त्याची लहान मुलगी त्याच्या ओल्या धोतराला धरून उभी होती, आणि त्याचा हात तिच्या डोक्यावर होता. तो हात तिला पाऊलभरही दूर जाऊ देत नव्हता. नात त्या हाताकडे बघत राहिली. तिच्या मनात होते ते सारे कडू शब्द तिथल्या तिथे विरून गेले.

"काका, तुम्हाला भीती वाटते," ती म्हणाली. "तुमची लेक पाण्याकडे झुकली तेव्हा तुम्ही काठावर होतात. तुमचा हात पोचत नव्हता. आजोबांवर तुमचा राग नाही. पण ज्याला दिसत नाही, त्याच्या नावेत तुम्ही तिला पुन्हा बसवू शकत नाही." ती पुढे म्हणाली, "आणि तुमचं खरं आहे. आजोबांना दिसत नाही. मला माहीत आहे. रोज पुढे बसून मीच त्यांना सांगते, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. लोकांना तो पोरखेळ वाटतो. त्या दिवशी मला ताप होता. हे आम्ही गावापासून लपवलं."

नातीने भीत भीत आजोबांकडे पाहिले.

"बरं झालं बोललीस, पोरी," आजोबा म्हणाले. "मलाही त्याचं ओझं झालं होतं."

बोलक्या माणसाने आपल्या हातातला दगड नातीपुढे धरला. "हो," तो म्हणाला. "एवढंच म्हणायचं होतं मला. एवढंच सोडून बाकी सगळं बोललो."

तीन दगड झाले. चूल पुरी झाली. पण नातीने मडके उचलले आणि बाजूला ठेवले.

"थोरल्या आई, माझी मागणीच चुकली. काकांचं खरं असेल, तर वल्हं आजोबांच्या हाती राहू शकत नाही."

थोरल्या आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मागणी जिंकत आलेली असताना ती खाली ठेवणारे माणूस तिने आजवर पाहिले नव्हते.

"थांब," बोलका माणूस म्हणाला. "मलाही पुन्हा सांगू दे." तो नातीसमोर उकिडवा बसला. आता त्याचा आवाज भाषणाचा नव्हता, घरात बोलताना असतो तसा होता. "तुला वाटतं, नाव गेली की आजोबांना पहाटे उठायला कारण राहणार नाही. ते दारात बसून नदीकडे कान लावतील आणि खंगत जातील. मग घरात तू एकटी. हेच ना गं?"

नातीने मान हलवली आणि दगड त्याच्या हातात दिला.

आता दोन चुली पुऱ्या होत्या, आणि दोन्ही मडकी जमिनीवर होती. दोघांनाही आपली जुनी मागणी नको होती.

तेव्हा धाकटा भाऊ पुढे आला. "दादा, तू माझं नाव घेतलंस, पण मला विचारलं नाहीस. वल्हं मारायला हातात जोर आहे माझ्या. पण नदीचा तळ मला ठाऊक नाही. मी एकटा गेलो, तर मीही तो खडक गाठीनच!"

"मग दोघं मिळून न्या," नात आणि बोलका माणूस एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून हसले. बोलका माणूस भावाला म्हणाला, "वल्हं तुझं. आजोबा नावेच्या टोकाला बसून ऐकतील आणि सांगतील."

"मला बसवून घ्याल?" आजोबांनी विचारले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"तुमच्याशिवाय नाव सुटणार नाही, बाबा," बोलका माणूस म्हणाला.

एकाच चुलीवर एकच मडके चढले. पेज शिजली. तिच्यात मीठ घालायचे सगळेच विसरले होते. थोरल्या आईने पहिल्याच घोटाला तोंड वाकडे केले, पण वाटी पुरी रिकामी केली.

बाळांनो, लक्षात ठेवा: समोरच्याचे म्हणणे जो प्रामाणिकपणे सांगू शकतो, त्याचेच म्हणणे खरे उभे राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव नेहमीच्या वेळी सुटली. वल्हे धाकट्या भावाच्या हाती होते, आजोबा पुढे बसले होते, आणि नात त्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत झोपली.