दोघांची करवत

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी समोरच उभा होतो. म्हणजे... माझा जन्म व्हायचा होता तेव्हा. पण ओंडका होता.

"मग, शिष्य करताय ना मला?"

मोरेश्वरने तिसऱ्यांदा विचारलं. बीजगणितात जिल्ह्यात पहिला आलेला हा गडी डोंगर चढून उद्धवबुवांच्या मठात आला होता. मठाच्या स्वयंपाकघराच्या दारात वाऱ्याने पडलेल्या फणसाच्या झाडाचा ओंडका आडवा. एवढा जाडा, की मुंग्या तो ओलांडताना मध्ये मुक्काम करत. आचारी आत अडकलेला, भुकेले बाहेर.

"जेवणवेळेआधी हा कापून झाला तर राहा," बुवा म्हणाले. "नाहीतर दुपारची एसटी आहे."

"हात्तिच्या! मी एकटा तीन तासांत कापीन. तुमचं वय बघता तुम्हाला सहा. तासाला माझा एक तृतीयांश, तुमचा एक षष्ठांश, बेरीज निम्मा. दोघे मिळून दोन तास!"

"वा! आधी एकटा काप बघू."

सहा हात लांब करवत, दोन्ही टोकांना मुठी. मोरेश्वरने जोर लावला. पातं धामणीसारखं वळवळलं. सालसुद्धा निघाली नाही.

मग बुवा एकटे भिडले. घामाघूम झाले... साल जागच्या जागी.

"आता मांड," बुवा खुशीत म्हणाले.

मोरेश्वरने मातीत बोट ओढलं. "माझं शून्य. तुमचं शून्य. बेरीज..."

"चल, तेवढं कापून टाकू."

दोघांनी एकेक मूठ धरली. पहिल्याच फेरीला मोरेश्वरने करवत ढकलली. पातं वाकून अडकलं.

"अरे, ढकलतोस काय! तुझ्या पाळीला ओढ. माझ्या पाळीला सोड."

खर्र... खर्र... ओढ, सोड. ऊन डोक्यावर यायच्या आत ओंडका दुभंगला, आणि आचारी पिठल्याचं पातेलं डोक्यावर घेऊन नाचतच बाहेर आला.

मोरेश्वरही नाचला. पण मूळ खोड जाते कुठे?

"बुवा... यात माझा वाटा किती धरायचा?"

बुवांनी ओंजळभर भुसा उचलून त्याच्या हातांत ओतला.

"यातला तुझा निवडून ठेव. तोवर मी तुझं पान मांडतो."

...मुंग्यांचा मुक्काम आणि तो आचारी, एवढं माझ्या पदरचं. भुसा खरा.