इलंय म्हणायचा धोंडा

माणखोल गावाच्या पश्चिमेला सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, संपतो तिथे जमीन अचानक फाटल्यासारखी दुभंगते आणि एक घळ थेट समुद्रापर्यंत उतरत जाते. हल्ली ती घळ पाहायला शहरातून पुष्कळ माणसं येतात. वाट फार अवघड नाही, पण अगदी सोपीही नाही. घळीतून उतरायचं, खाली समुद्राच्या खडपावर, पाण्यालगतच्या खडकांवर, यायचं, तिथून डाव्या अंगाने कड्यावर चढायचं आणि सड्यावरून, सगळा दर्या डाव्या हाताला ठेवून, जिथून निघालो तिथेच परत यायचं. तिथे कुंभ्याच्या झाडाखाली कमरेएवढा काळा धोंडा उभा आहे. उतरण्याआधी प्रत्येकाने त्यावर हात ठेवून ‘येतंय’ म्हणायचं आणि फेरी पुरी झाली की पुन्हा हात ठेवून ‘इलंय’, म्हणजे आलो, असं म्हणायचं. वाट दाखवणारे वसंत घाडी हे एवढं एकच बजावतात. कुणी हसलं तर ते रागावत नाहीत. त्याला धोंड्याजवळच्या दगडावर बसवतात आणि सगुणेची हकिगत सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गावातले पुरुष गलबतांवर कामाला जात ते पावसाळ्याच्या तोंडावरच परतत. मागे घर चालवायचं ते बायकांनी. ओहोटीला इथले लोक सुकती म्हणतात; अमावास्येच्या सुकतीला समुद्र खूप आत ओसरतो. त्या सुकतीला पहाटे बायका घळीतून खाली उतरत आणि खडपाला चिकटलेली शिंपली, म्हणजे कालवं, कोयतीने फोडून बांबूच्या पाट्या भरत. पण अमावास्येचं पाणी जेवढं मागे जातं तेवढंच जोरात परततं. भरती लागली की ते आधी घळीच्या तोंडात शिरतं आणि खालची वाट बंद होते. मग कड्यानेच वर यावं लागतं. म्हणून पाण्यावर नजर ठेवायला एक जाणती बाई लागे. ती होती सगुणा. तिने ‘चला’ म्हटलं की हातातलं कालव तसंच टाकून बायका उठत. तिच्या शब्दावर साऱ्या वाडीचा जीव होता.

सगुणेच्या घरात तिची म्हातारी सासू तुळसा होती आणि धाकटी जाऊ रतन. रतन खाडीपलीकडून नुकतीच लग्न होऊन आलेली, कामाला जराशी धांदरट. एका अमावास्येच्या आदल्या दिवशी तिच्या हातून सगुणेच्या माहेरची तांब्याची कळशी विहिरीत पडली. गळ टाकून पाहिला, कळशी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घराबाहेर पडताना सगुणेने रतनच्या हातात सगळ्यात मोठी पाटी दिली.

“पाटी भरल्याशिवाय वर येव नको,” ती म्हणाली.

रतनने मान खाली घातली. उंबऱ्यावरून सासूकडे न बघताच ती म्हणाली, “जातंय.”

कोकणात घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. तुळसेने चमकून मोठ्या सुनेकडे पाहिलं. ती धाकटीला थांबवेल, शब्द फिरवून घेईल, असं तिला वाटलं. सगुणेने ऐकलं होतं. पण तिने कोयती उचलली आणि ती पुढे चालू लागली.

त्या दिवशी वारा पडलेला होता आणि आभाळ शिशासारखं दिसत होतं. जवळची कालवं बाकीच्या बायकांनी काढली. रतनची पाटी काही भरेना, म्हणून ती सरकत सरकत अगदी टोकाच्या खडपावर गेली. ते खडप फक्त अमावास्येलाच उघडं पडतं. थोड्या वेळाने सगुणेला पायाखालच्या चिरेतून पाणी वर येताना दिसलं. नेहमीपेक्षा लवकर. तिने ‘चला’ म्हटलं. बायका उठल्या. टोकावर रतन ओणवी होऊन कालवं फोडत होती. सगुणेने तिला एकदा हाक मारली. रतनने मान वर केली नाही. समुद्राच्या आवाजात तिला हाक ऐकू गेली नसेल, किंवा पाटी अजून रिकामी होती म्हणून ती उठली नसेल. दुसरी हाक सगुणेने मारली नाही. येईल मागून, रुसली आहे, असं तिच्या मनात आलं, असं सांगतात. ती बायकांना घेऊन कड्याला लागली.

वर सड्यावर आल्यावर मागे वळून पाहिलं तेव्हा टोकाचं खडप नव्हतं. तिथे नुसतं पाणी हलत होतं. धोंड्याजवळ तुळसा वाट पाहत बसली होती. एकेक बाई येऊन टेकली. म्हातारीने विचारलं, “रतन खंय हा?”

“मी हाक मारलेली,” सगुणा म्हणाली. ते खरंच होतं. त्यापुढचं तिने कुणालाच सांगितलं नाही.

रतन सापडली नाही. पुढच्या भरत्यांनीही तिला किनाऱ्यावर टाकलं नाही. तेव्हापासून सगुणा रोज सुकती बघून घळीत उतरायची, खडपावर उभी राहून हाका मारायची आणि कड्याने सड्यावरून परतायची. आधी गावाने तिची कीव केली. मग गाव तिला भिऊ लागलं. कारण सड्यावरून येताना ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असे, आणि मधेच थांबून मागच्याला वाट देत असे. तिच्या मागे सड्यावर कुणीच नसायचं. पण तापलेल्या कातळावर ओल्या पावलांचे दोन माग उमटलेले असायचे, असं गुरं राखणाऱ्यांनी पाहिलं म्हणे.

एकदा तुळसेने तिला जवळ बसवून विचारलं. तेव्हा सगुणा म्हणाली, “ती माझ्या पाठसून येता. धोंड्याकडे इली की थांबता. पाटी भरूक नाय म्हणता.”

म्हातारीला त्या पहाटेचे शब्द आठवले. पाटी भरल्याशिवाय वर येऊ नको, हे सगुणेचं सांगणं रतन अजून पाळत होती.

पुढच्या अमावास्येला सगुणा स्वतःची पाटी घेऊन निघाली. तुळसा तिच्यामागे धापा टाकत धोंड्यापर्यंत आली, तिचा पदर धरला. सगुणेने तो हलकेच सोडवून घेतला, धोंड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “येतंय.” मग ती घळीत उतरली. दुपार झाली, भरती चढून उतरली, पण ती कड्यावरून वर आली नाही. दुसऱ्या दिवशी बायका भीत भीत धोंड्याजवळ गेल्या, तर तिथे कालवांनी काठोकाठ भरलेली पाटी होती. तिच्यातून पाणी निथळत होतं. पाटी रतनची होती.

त्यानंतर वर्षभर कुणी घळीत उतरलं नाही. मग गुणाजी नावाचा माडी काढणारा एक भंडारी खेकड्यांसाठी उतरला. खेकडे घेऊन कड्याने वर आला आणि धोंड्याकडचा वळसा टाळून सड्यावरून आडवा आपल्या घरी गेला. दिवेलागणीला तो जेवायला बसला होता. त्याच्या बायकोला दारापुढच्या खळ्यात कुणी बाई उभी दिसली. तिचं लुगडं चिंब भिजलेलं होतं आणि आवाज अगदी मायेचा होता. “चल,” ती गुणाजीला म्हणाली, “तुका न्हेऊक इलंय.” गुणाजी उष्ट्या हातानेच उठला. बायकोने त्याला मिठी मारून धरलं, तरी तो पाण्यातून चालावा तसा सावकाश, ओढत ओढत निघून गेला. सकाळी त्याचा देह घळीच्या तोंडाशी सापडला.

तेव्हा तुळसेला सगळं उमगलं. सगुणा कुणाचा जीव घ्यायला फिरत नव्हती. जो धोंड्यापर्यंत पोचला नाही तो खाली राहिला असं समजून ती त्याला आणायला जात होती. पण धोंड्यापर्यंत न्यायची तिची फेरी घळीतूनच सुरू होते, आणि भरती आहे की सुकती, हे ती आता पाहत नाही.

म्हातारी काठी टेकत धोंड्याशी गेली. सगळा गाव मागे उभा होता. तिने धोंड्यावर हात ठेवला. “सगुणे,” ती म्हणाली, “हयसर हात ठेवन जो इलंय म्हणतलो, तो पोचलो असा समज. तेच्या पाठसून जाव नको.” घळीतून गार वारा वर आला आणि पडला. तेवढंच उत्तर मिळालं, असं सांगतात.

गावकरी म्हणाले, आता असंच रतनचंही सांगून टाक. रतन आली म्हण, म्हणजे सगुणेचा जीवही सुटेल आणि आमचाही. तुळसा कितीतरी वेळ धोंड्यावर हात ठेवून बसून राहिली. दोघी तिच्याच सुना होत्या. शेवटी तिने हात काढून घेतला.

“हय एकदा खोटा बोललंय,” ती म्हणाली, “तर उद्या तुमचा खरा कोण मानतलो?”

ती परत घरी गेली ती पुन्हा त्या वाटेला आली नाही.

आजही माणखोलात एकाने दुसऱ्यासाठी ‘इलंय’ म्हटलेलं चालत नाही. तान्ह्या मुलाचाही हात आई धोंड्याला लावते. दर्यात गेलेला माणूस परतला नाही, तर त्याच्या घरचे धोंड्यापाशी येऊन नुसते उभे राहतात आणि ‘इलंय’ न म्हणता मागे फिरतात. अमावास्येच्या सुकतीला सड्यावरून टोकाचं खडप स्पष्ट दिसतं. कित्येक पिढ्या त्याला कुणी कोयती लावलेली नाही, त्यामुळे कालवांच्या थरांनी ते पांढरंफटक झालं आहे. फेरीला आलेली माणसं तिथे थबकतात, फोटो काढतात. कधी कुणीतरी विचारतं, ती खाली ओणवी झालेली बाई कोण? वसंत घाडी त्या बाजूला बघत नाहीत. पाणी फिरायला लागलं आहे, एवढंच ते सांगतात, आणि सगळ्यांना आपल्यापुढे घालून धोंड्याकडे चालू लागतात.